विहिणीच्या पंगतीआधीची पंगत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मध्ये कोणी थांबवलेलं मला चालत नाही. आणि हे बघा, संध्याला विचारायला जाऊ नका. ती माझी बायको, पहिल्यापासून शेवटपर्यंत साक्षीदार, आणि तिचं व्हर्जन माझ्यापेक्षा जास्त भयंकर आहे.

माणसानं आयुष्यात मूर्खपणा करावा, कोण अडवतंय? पण होणाऱ्या व्याह्यांकडे पहिल्यांदा जातानाच तो करावा का? तर मी केला. पोटभर केला!

झालं असं की आमच्या मैत्रीनं लग्न ठरवलं. मैत्री म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. इथं टेक्सासमध्येच जन्मली, वाढली, जनावरांची डॉक्टर झाली. मुलगा मातेओ. तोही इथलाच, तिच्याच दवाखान्यात काम करतो. पोरगा सोन्यासारखा. आमच्या अर्विंगच्या घरी आला की संध्याचा पिठलं-भात दोनदा वाढून घेतो. मला आणखी काय हवं? पण त्याचे आईवडील रिटायर होऊन परत मेक्सिकोला गेलेले. समुद्रकाठी प्रोग्रेसो नावाचं गाव आहे, तिथं राहतात. मैत्री म्हणाली, ‘‘बाबा, आधी त्यांना भेटा. मग आम्ही सगळ्यांना सांगू.’’

म्हणून आम्ही चौघं डलासहून विमानानं निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचलो आणि तिथं गाडीतच मैत्रीनं आमची शाळा घेतली.

‘‘बाबा, लिसन. लंच चार वाजता आहे. मातेओची मॉम कालपासून कुकिंग करतेय. शी डझन्ट केअर तुम्ही किती शिकलात, कुठे जॉब करता. ती फक्त बघते, माणूस जेवतो कसा.’’

‘‘मग त्यात काय? जेवणात आपण कधी कमी पडलोय?’’

‘‘मातेओच्या भावाच्या गर्लफ्रेंडचे पेरेंट्स आले होते. त्यांनी नुसतं टोकरलं. हे नको, ते नको. दॅट वॉज इट!’’

‘‘म्हणजे काय झालं?’’

‘‘भाऊ अजून सिंगल आहे, बाबा.’’

मी संध्याकडे बघितलं, संध्यानं माझ्याकडे. पोरीचा संसार आमच्या पोटावर अवलंबून होता! मी तिथल्या तिथे ठरवलं. विहीणबाई जे वाढतील, जितकं वाढतील, ते सगळं खायचं. ‘नको’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि मी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. माझी आई म्हणायची, याला खांबाला बांधलं तर हा खांब घेऊन जाईल.

‘‘सो चारपर्यंत रिलॅक्स करा,’’ मैत्री म्हणाली, ‘‘हिंडा, बीचवर बसा. फक्त जास्त खाऊ नका. प्लीज!’’

मातेओनं समुद्रासमोरची एक निळ्या छपराची जागा दाखवली. ‘‘अंकल, उन्हाचं तिथं बसा. कोल्ड ड्रिंक घ्या. छान वारा असतो. सांगा, मातेओनं पाठवलंय.’’

हे शेवटचं वाक्य त्यानं सहज टाकलं. घात त्या वाक्यानंच केला.

पोरं घरी मदतीला गेली आणि आम्ही दोघं गावात मोकळे झालो. आता आराम करणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. सुट्टीच्या दिवशी मी ऑफिसच्या दिवसापेक्षा लवकर उठतो. पण त्या दिवशी आरामसुद्धा मी जिद्दीनं करायला घेतला. सावकाश चालायचं म्हणजे चालायचं! संध्या जरा पुढे गेली की मी ओरडायचो, ‘‘हळू! आपण रिलॅक्स करतोय!’’

गाव मात्र फार गोड. समुद्राला लागून लांबलचक फरसबंद रस्ता, नारळाची झाडं, वाळूवर पेंगणारी कुत्री, होड्यांवर बसलेले पेलिकन. आम्ही बाजारात शिरलो. पपयांचे ढीग, लाल कांद्याचे ढीग, मिरच्यांचे तर विचारूच नका. एका ठिकाणी मक्याच्या भाकऱ्या भाजण्याचा असा वास सुटला होता की माझे पाय आपोआप तिकडे वळले. संध्यानं शर्ट धरून ओढलं. ‘‘चार वाजता!’’ म्हणाली. मी नुसतं शहाळ्याचं पाणी प्यायलो आणि स्वतःच्या संयमावर खूश झालो.

ऊन चढलं तसे आम्ही त्या निळ्या छपराखाली जाऊन बसलो. समोर समुद्र, वर पंखा, अंगावर वारा. वेटर आला. दांडगा, हसतमुख माणूस. आम्ही पंचशील पाळणारी माणसं, त्यामुळे बिअरचा प्रश्न नव्हता. दोन लिंबूसरबतं सांगितली. आणि ठरल्याप्रमाणे छातीवर हात ठेवून म्हणालो, ‘‘मातेओ! मातेओ सेंड!’’

‘‘सी, सी! मातेओ!’’ वेटर तोंडभर हसला.

आता मला सांगा, कोणी तुमच्याकडे येऊन आनंदानं एखादं नाव घेतलं, तर तुम्ही काय कराल? हसून मानच डोलवाल ना? हा विचार मला आज सुचतोय. तेव्हा नाही सुचला.

सरबत आलं. आणि त्याच्यामागून बशा आल्या! एक, दोन, तीन… टेबल भरलं. कुरकुरीत मक्याचे तुकडे, काळ्या घेवड्याचं वाटण, भोपळ्याच्या बियांची चटणी, लिंबात मुरवलेले मासे, उकडलेलं बीट, आणखी काय काय.

‘‘अहो, हे आपण मागवलं नाही,’’ संध्या कुजबुजली.

मी वेटरला हातानं खुणावलं, नाही नाही, चूक झाली. त्यानं बशा आणखी आमच्याकडे सरकवल्या. ‘‘फॉर यू. नो पे!’’

नो पे?

आता तुम्हीच सांगा, या जगात कोण कोणाला फुकट खायला घालतं? इतकी वर्षं अमेरिकेत काढली, केचपची जादा पुडी मागितली तरी तिथं माणूस आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. आणि इथं भरलेलं टेबल? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

‘‘संध्या,’’ मी म्हणालो, ‘‘हे व्याह्यांनी पाठवलंय.’’

‘‘काहीतरीच काय!’’

‘‘अगं, मातेओनं मुद्दाम इथं बसायला सांगितलं. नाव सांगा म्हणाला. नाव सांगितलं आणि ताटं आली. सीमांतपूजन आहे हे! इथं उलटं, वधूपक्षाचा मान!’’

‘‘आपल्या लग्नात कुठे होतं सीमांतपूजन?’’

‘‘आपल्यात नसेल, त्यांच्यात असेल. मान तो मान!’’

‘‘आणि चार वाजताचं काय?’’

‘‘ते मुख्य जेवण. ही वेशीवरची सरबराई. पण नीट विचार कर. भावाच्या गर्लफ्रेंडच्या आईबापांनी काय केलं होतं? टोकरलं! आता या बशा परत गेल्या की व्याह्यांच्या कानावर जाणार, मुलीकडच्यांनी मानाचं अन्न टाकलं!’’

संध्याचा चेहरा पडला. तिच्या भावाच्या लग्नात मुलीच्या मामानं पंगतीत बुंदीचा लाडू तसाच सोडला होता. त्या लाडवावरून दोन्ही घरं अजून सरळ बोलत नाहीत. तिनं पदर खोचल्यासारखी जीन्स वर ओढली आणि म्हणाली, ‘‘द्या इकडे ती चटणी.’’

आम्ही आडवा हात मारला. आणि खरं सांगतो, चव अशी की विचारू नका! आता इथंच थांबलो असतो तर हा किस्सा झालाच नसता. पण टेबलावर एक छोटी वाटी होती. हिरवट-नारिंगी काहीतरी. मी चमचा भरला तसा वेटर लगबगीनं धावत आला. ‘‘हाबानेरो! नो, नो! स्मॉल, स्मॉल!’’

मला हसूच आलं. मी नागपूरचा! सावजी रस्सा वाटीनं प्यायलेला माणूस! मला मिरचीची भीती घालतो? मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून अख्खा चमचा तोंडात टाकला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आधी काही झालं नाही. मग कान ऐकेनासे झाले. मग डोळ्यांतून, नाकातून, जिथून म्हणून पाणी येऊ शकतं तिथून यायला लागलं. मला माझी आई दिसली, आजोबा दिसले. संध्या ओरडली, ‘‘अहो, तुम्ही काय करून राहिले? तोंड मिटा आधी!’’

‘‘सरबत!’’ मी हात उंचावून म्हणालो. ‘‘सरबत! मोअर!’’

सरबत आलं. आणि सरबताबरोबर नव्या बशा आल्या!

या वेळी भरलेले खेकडे. तळलेले छोटे मासे. झणझणीत कोळंबी. मी उचकी देत संध्याकडे बघितलं. ‘‘बघितलंस? आपण पहिलं संपवलं हे व्याह्यांना कळलं. खूश झाले!’’

‘‘फार लवकर कळलं त्यांना,’’ संध्या म्हणाली. पण खेकडा तिनं सोडला नाही.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. कोळंबी तिखट, म्हणून सरबत. सरबत आलं की बशा. बशांमध्ये पुन्हा काहीतरी तिखट, म्हणून पुन्हा सरबत. दरवेळी वेटर रिकाम्या बशा बघून डोळे मोठे करायचा, आणि दरवेळी मला वाटायचं, आता हा जाऊन व्याह्यांना फोन करणार. पलीकडच्या टेबलावर एक मिशाळ म्हातारा बसला होता. त्यानं ग्लास उंचावून आमच्याकडे बघून मान डोलवली. मी संध्याला म्हटलं, ‘‘हा काका असणार. पंगतीवर देखरेख करायला बसवलाय.’’ मग मी प्रत्येक संपलेली बशी उचलून त्याला उलटी करून दाखवू लागलो. तो टाळ्या वाजवू लागला. शेवटी तर उठून उभा राहिला!

कधीतरी संध्यानं माझा हात धरला. तिच्या कपाळावर घाम होता. ‘‘अहो, आता एक जरी बशी आली ना, तर मी इथंच रडेन.’’

सुदैवानं माझं तोंड तोवर बधिर झालं होतं, त्यामुळे सरबताची गरज उरली नाही. बशाही थांबल्या. त्यातही मला व्याह्यांचा समजूतदारपणाच दिसला! आम्ही सरबताचे पैसे दिले, म्हाताऱ्याला हात जोडून जय भीम केला, त्यानंही हात जोडले, आणि आम्ही दोन भरलेल्या पिंपांसारखे रस्त्यावर आलो.

आता प्रश्न असा, की मुख्य जेवण अजून बाकी होतं.

पण हार मानेल तो मी कसला? ‘‘चल,’’ म्हटलं, ‘‘जिरवू.’’ भर उन्हात समुद्राच्या कडेनं या टोकापासून त्या टोकाला गेलो. परत आलो. काही हललं नाही. शेवटी मला वज्रासन आठवलं. जेवणानंतर करायचं ते एकमेव आसन! वाळूत गुडघे टेकले, टाचांवर बसलो, डोळे मिटले.

थोड्या वेळानं डोळे उघडले तर शेजारी एक गोरी आजीबाई तशीच बसलेली. तिच्या मागे तिच्या दोन मैत्रिणी. तिनं हळूच विचारलं, ‘‘आर यू द टीचर?’’

मी नाही म्हणणार होतो हो. पण नाही म्हणून उठावं लागलं असतं आणि मला उठता येत नव्हतं. मी तसाच बसून राहिलो, त्यांना ती साधना वाटली. मी ढेकर दाबण्यासाठी लांब श्वास घेतला, तर त्यांनीही घेतला. मी सोडला, त्यांनीही सोडला. संध्या नारळाच्या झाडाला टेकून दुसरीकडे बघत होती, माझी कोणीच नसल्यासारखी.

क्लास संपल्यावर त्या आजीबाई गाडीवरून माझ्यासाठी कुरकुरीत पोळीची गुंडाळी घेऊन आल्या. आत किसलेलं चीज आणि दाट गोड खवा. मी ‘नो’ म्हटलं. आपलं पहिलं ‘नको’ हे कधीच ‘नको’ नसतं, पण आयुष्यात पहिल्यांदा माझं खरोखरचं होतं. त्या म्हणाल्या, गुरूला रिकाम्या हातानं कसं पाठवणार? खाल्ली. काय करता!

बरोबर चारला आम्ही व्याह्यांच्या दारात उभे. डॉन राउल, म्हणजे आपले राउलराव, आमचे व्याही, उंच आणि अबोल. दोन्या एलेना, म्हणजे एलेनाबाई, आमच्या विहीणबाई, ठेंगण्या, भरतकामाच्या पांढऱ्या झग्यात. त्यांनी संध्याला मिठी मारली, मला मिठी मारली. मिठीत माझ्या पोटातून असा काही आवाज आला की त्या दचकून मागे सरकल्या आणि मग आनंदानं काहीतरी बोलल्या.

मातेओनं सांगितलं, ‘‘मॉम म्हणते, अंकल खूप भुकेले दिसतायत.’’

टेबल बघितलं आणि माझे डोळे भरून आले. केळीच्या पानात बांधून रात्रभर जमिनीखाली शिजवलेलं डुकराचं मटण, लाल कांदा, लिंबाचं सूप, काळा घेवडा, गरम भाकऱ्यांची टोपली. बाईंनी जीव ओतला होता. पण मला आधी सभ्यपणा दाखवायचा होता. मी उभा राहिलो.

‘‘मातेओ, ट्रान्सलेट कर. सांग, सकाळपासून तुम्ही आमचा एवढा मान केलात. खेकडे काय, कोळंबी काय! एवढं प्रेम आम्हाला कोणी दिलं नाही. आणि बघा, आम्ही एक कणसुद्धा टाकला नाही!’’

मातेओनं ट्रान्सलेट केलंच नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

‘‘अंकल… कुठले खेकडे?’’

‘‘अरे, त्या निळ्या छपराखाली. तुम्ही पाठवलेले!’’

‘‘अंकल, ती बोताना आहे. इथं सगळ्यांनाच मिळते. ड्रिंक मागवलं की सोबत खायला येतं. पुन्हा मागवलं की पुन्हा येतं. कोणी पाठवत नाही.’’ मग जरा घाबरत त्यानं विचारलं, ‘‘किती ड्रिंक्स घेतली?’’

‘‘आम्ही मोजणं सोडून दिलं होतं,’’ संध्या म्हणाली.

एव्हाना ‘बोताना’ हा शब्द आणि आमचे चेहरे यांवरून विहीणबाईंना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. कालपासून चुलीपुढे उभी राहिलेली बाई आणि पाहुणे बाहेरून तुडुंब खाऊन आलेले! त्यांनी भाकऱ्यांच्या टोपलीवर फडकं टाकलं. मैत्री म्हणाली, ‘‘बाबा, आय टोल्ड यू…’’ आणि तिचा आवाज कापला. त्या आवाजानं माझं काळीज गलबललं, खोटं कशाला सांगू? माझ्या शहाणपणापायी पोरीचं सगळं विस्कटत होतं.

मी पुढे झालो. टोपलीवरचं फडकं स्वतः बाजूला केलं. खाली बसलो, ताट पुढे धरलं आणि विहीणबाईंकडे बघितलं.

‘‘वाढा,’’ म्हणालो. चक्क मराठीत.

त्यांनी वाढलं. मी जेवलो. कसा जेवलो ते माझं मला माहीत! पट्ट्याला असतील नसतील तेवढी भोकं मागे नेली, शेवटी पट्टाच काढून खुर्चीवर ठेवला. पण गंमत सांगू? पहिल्या घासाला डोळे मिटले ते दुःखानं, दुसऱ्या घासाला मात्र चवीनं. काय हात होता बाईंचा! ताट पुसून स्वच्छ केलं. आमच्याकडची सवय, शीत उरता कामा नये. ताट रिकामं दिसताच विहीणबाईंनी पुन्हा वाढलं. मी पुन्हा पुसलं. त्यांनी पुन्हा वाढलं. ‘नको’ म्हणायचं नाही असं ठरवलं होतं ना! संध्यानं पहिल्या ताटानंतरच पोटावर हात ठेवून डोळे फिरवले, तिला बाईंनी हसून सोडलं. मला कोण सोडणार? मी त्यांच्या वाढण्याकडे बघतोय, त्या माझ्या ताटाकडे बघतायत, आणि दोघंही माघार घ्यायला तयार नाहीत!

बाकीच्यांचं कधीच आटोपलं होतं. डॉन राउल मध्येच टोपी घालून कुठेतरी गेले आणि एक गठुडं घेऊन परत आले. मला वाटलं, बागेतलं काहीतरी असेल. नंतर कळलं, घरातल्या भाकऱ्या संपल्या होत्या. ते शेजाऱ्यांकडून मागून आणत होते!

शेवटी पातेल्याचा तळ दिसला. विहीणबाईंनी ते पातेलं मला वाकवून दाखवलं, मी हात जोडले, आणि त्या एकदम खुर्चीत बसून हसायला लागल्या. अशा हसल्या की झग्याच्या बाहीनं डोळे पुसावे लागले. मग त्यांनी मैत्रीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि लग्नाच्या गोष्टी काढल्या. लग्न! स्वतःहून! मैत्री रडायला लागली, संध्या रडायला लागली, आणि मी, खरं सांगतो, मीही रडलो असतो, पण हुंदक्याला आत जागा नव्हती.

विहीणबाईंनी विचारलं, मुलीकडची किती माणसं येतील?

‘‘चाळीस,’’ मी ताठ बसून, जमेल तेवढ्या रुबाबात म्हणालो.

त्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं, एकवार रिकाम्या पातेल्याकडे बघितलं, आणि मैत्रीच्या कानात काहीतरी विचारलं. मैत्री रडता रडता फस्सकन हसली.

‘‘काय म्हणतायत?’’

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘शी वॉन्ट्स टू नो… स्वयंपाक चाळीस माणसांचा करायचा, की चाळीस माणसांचा आणि वेगळा तुमचा?’’